या घरात कोणी राहतं का?

१४ सप्टेंबर, रविवार

सुनील सकाळीच आला. कल्याणहून, एकटा. एरवी भाऊ आला की आधी चुलीपाशी बसून चहा मागतो. आज मोबाईल समोर धरून घराभोवती फेरी मारली, चिंचेखाली उभा राहिला, ओटीवरून आत डोकावून बघितलं. मग म्हणाला, "ताय, आपुन पाव्हणे ठेवूया. मुंबईचे. शनिवार-रविवार. शेणवे गावाच्या आजूबाजूला बघ किती जणांनी चालू केलंय."

म्हटलं, ठेवू. पंगत वाढायला मला आवडतं. इथं शिकवणीची पोरं घरी गेली की बोलायला शेजारच्या हिराकाकीशिवाय कोणी नाही.

जाहिरात इंग्रजीत हवी. "तू बी. ए. इंग्लिश हायेस. एकदम भारी लिही." खूश झाले. किती वर्षांनी कोणी माझ्या बी. ए.चं नाव काढलं. गोठ्याच्या जागी संडास-बाथरूम बांधायचं ठरलं. गोठा तसाही रिकामाच होता.

१५ सप्टें.

घराला इंग्रजीत म्हणायचं काय, यात सकाळ गेली. भात करपला.

'हाऊस' म्हणजे नुसत्या भिंती. 'हट' तर मुळीच नाही, कुडाच्या भिंती असल्या म्हणून काय झालं. 'कॉटेज' म्हटलं की मला गोरी म्हातारी आणि तिचं मांजर दिसतं. 'बंगला' लिहिला तर गाव हसेल. 'फार्महाऊस' म्हणजे काय ते आम्हाला चांगलं माहीत आहे: उंच कंपाऊंड, साखळीला कुत्रा, रविवारी डीजे. 'रेसिडेन्स' कलेक्टरचा असतो. 'ड्वेलिंग' लिहिलं तर वाटेल जनगणनेवाले आले.

'होम' बरा. त्यात राहणारी माणसं आपोआप येतात, वेगळी सांगावी लागत नाहीत.

'होमस्टे' पक्कं. सु.ला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

१८ सप्टें.

मजकूर लिहून झाला. पानभर. मीच लिहिला पण सु.च्या नावाने, मालक म्हणून. चिंच आली, कारवीच्या भिंती आल्या, सारवलेली जमीन, ओटीवरून दिसणारी भाताची खाचरं. मग, "माझी बहीण इथे राहते. ती तुम्हाला चुलीवरची तांदळाची भाकरी खाऊ घालील आणि तुम्ही विचारलंत तर कुठली भाजी रानातली आणि कुठली बाजारातली तेही सांगेल." स्वतःला 'माय सिस्टर' लिहिताना हसू आलं. संध्याकाळी दहावीच्या पोरांना वाचून दाखवलं. त्यांना फार काही कळलं नाही, पण टाळ्या वाजवल्या.

२१ सप्टें., रवि.

आज सु. आणि रूपा दोघं. सुनीलची बायको गोड बोलते. मला ती नेहमी आवडत आलीय.

रू. म्हणाली, "ताई, होमस्टे वाचलं की लोकांना वाटतं कोणाच्या तरी घरात घुसून राहायचंय. मोकळं वाटत नाही त्यांना. व्हिला लिहू या."

मी खो खो हसले. "अगं, पावसात माजघरात पातेली मांडून ठेवते मी. व्हिला कुठला?"

सु. म्हणाला, "ऱ्हाऊंदे. ताय म्हणते तेच." विषय संपला. भावाने बायकोसमोर माझी बाजू घेतली याचं किती बरं वाटलं ते इथेच लिहून ठेवते, कुणाला सांगण्यासारखं नाही.

२८ सप्टें., रवि. (मुरबाड)

जाऊबाईंच्या नातवाचं बारसं. कालपासून सासरी आहे. सिद्धगड ढगात. सगळ्यांनी 'बसा, बसा' केलं, कामाला हात लावू दिला नाही. म्हणजे मी इथली पाहुणी झाले. हे गेल्यावर पहिल्याच वर्षी झाले, त्यात कुणाचा दोष नाही. एका खोलीत तीन संसार, मी कुठे मावणार होते?

मागे शिकवणीत एका पोरीने विचारलं होतं, बाई, माहेरला इंग्रजीत काय? 'पेरेंट्स हाऊस' सांगितलं. आणि सासरला? 'इन-लॉज हाऊस'. ती म्हणाली, मग बाईचं स्वतःचं? तेव्हा मी तिला पुढचा धडा काढायला लावला होता. आज बारशात रिकामी बसले होते म्हणून आठवलं.

पण मला घर आहे. बाबा गेल्यावर हक्कसोडीवर सही केली ती हसत केली. सगळ्याच बहिणी करतात; भावाला हिस्सा मागितला की माहेर तुटतं. आणि माझं तुटलं नाही. हे गेल्यावर सु. स्वतः इथे मुरबाडला मला न्यायला आला. जाऊबाईंसमोर म्हणाला, "घर बंद पडलंय. घराला माणूस पायजे. चल ताय, तुजंच हाय ते." खरंच बंद पडलं होतं. चूल पेटत नाही त्या घराच्या वाशांना कीड लागते, धूरच त्यांना राखतो. मी गेले, चूल पेटवली, खराब झालेले वासे बदलून घेतले, कौलं शाकारून घेतली. तेव्हापासून तिथेच.

उद्या पहिल्या एसटीने परत.

२९ सप्टें.

घरी आले तर माझ्या खोलीतली खाट खिडकीशी. तिच्यावर पांढरी नवी चादर, दोन फुगीर उशा. माझी ट्रंक, शिकवणीची पुस्तकं, साड्यांची दोरी, देवाचा कोनाडा झाकायचा पडदा, सगळं माळ्यावर टाकलेलं.

सु.ला फोन केला. "फोटोवाला आलेला ताय. पसारा दिसत व्हता जरासा. लाव परत."

हिराकाकीला बोलावून ट्रंक खाली उतरवली. काकी म्हणाली, "तुला न इचारता?" मी म्हटलं, मी नव्हतेच ना इथं. चादर चांगली आहे. ठेवली.

२ ऑक्टो., दसरा

सु. आला नाही. सोनं फोनवरच. जाहिरात चढली म्हणे. बघायची कशी विचारलं तर म्हणाला, "रूपाच्या मामेभावाने बसवलंय सगळं, तुज्या फोनमदी नाय दिसायचं." बरं.

११ ऑक्टो., शनि.

जमेल तसं लिहिते.

दुपारी पोरं ओटीवर, 'अ लेटर टू युअर फ्रेंड' चाललेलं. अंगणात गाडी. पहिले पाहुणे! सु.ने कळवलंसुद्धा नाही. मी तांब्या-भांडं आणि गूळ घेऊन धावले. गाडीतून एक बाई उतरली, पस्तिशीची, मागून नवरा आणि आणखी दोघं. म्हणाली, "मावशी, चावी तुमच्याकडे आहे ना?"

चावी कसली? या घराला दिवसा कधी कुलूप नसतं.

मग तिने पोरांकडे बघितलं, चुलीच्या धुराकडे बघितलं. "इथे कोणी राहत नाही असं लिहिलंय हो," म्हणाली, आणि तिच्या फोनवर दाखवलं. रागाने नाही. बिचारी घाबरली होती, चुकीच्या घरी आलो की काय म्हणून.

व्हिला. संपूर्ण घर फक्त तुमचं. मालक कल्याणला राहतात. केअरटेकर बाई हाकेच्या अंतरावर.

आणि खाली माझं इंग्रजी. चिंच माझी, कारवी माझी, खाचरं माझी. वाक्यंच्या वाक्यं जशीच्या तशी. मधून 'माय सिस्टर'पासून रानभाजीपर्यंतचं तेवढं काढलेलं. इतक्या सफाईने, की मी लिहिलेलं नसतं तर मलाही कळलं नसतं की तिथे कोणी होतं.

फोटो पुढे सरकवला तर माझी खोली. पांढरी चादर. बेडरूम टू.

ती बाई म्हणाली, "काही गडबड आहे का? आम्ही परत जाऊ का?" इतक्या लांबून आलेली माणसं. पोरं टकमक बघतायत. मला काय झालं कळत नाही, मी म्हटलं, "नाही, नाही. चावी माझ्याकडेच आहे. या."

पोरांना घरी पाठवलं. माझ्या खोलीतले कपडे पिशवीत भरले आणि हिराकाकीकडे आले. तिच्या पडवीत बसून लिहितेय. इथून आमची ओटी दिसते. त्यांनी सगळे दिवे लावलेत.

१२ ऑक्टो., रवि.

पाहुणे दुपारी गेले. चांगली माणसं होती, त्यांच्यावर राग नाही. घर छान आहे म्हणाली, फक्त स्वयंपाकघरात धुराचा वास येतो. जाताना माझ्या हातात पैसे ठेवायला लागली. घेतले नाहीत.

मग सु.ला फोन. तो काय काय म्हणाला ते लिहून ठेवते. नंतर मीच विसरायचा प्रयत्न करीन, माझी सवय मला माहीत आहे.

"ताय, व्हिला लिवलं की लोक येतात. होमस्टे कोण बघत नाय."

"तुला विचारणार व्हतो. तुला वाईट वाटलं असतं म्हणून नाय विचारलं."

"केअरटेकर काय वाईट शब्द हाय? काळजी घेणारी. तू घेतेसच ना?"

"शनिवार-रविवार फक्त. काकीकडं झोप. आमी काय परके हाव काय?"

मी विचारलं, "बहीण काढताना हात थांबला नाही?" म्हणाला, "ते मामेभावाने केलं." आणि लगेच, "पण ताय, खरं सांगू? माणूस राहतं म्हटलं की बुकिंग होत नाय."

घराला माणूस पाहिजे म्हणून मला घेऊन आला होता. तोच.

१३ ऑक्टो.

केसाने गळा कापला. दुसरा शब्द नाही. इंग्रजीतही बघणार नाही आज.

हिराकाकीला सगळं सांगितलं. ती भात कापून आलेली, विळा हातातच. "सही करायच्या आधी माज्याकडं यायचंस गो. मी नाय केली. भाऊ तोंड बघत नायत माजं, भाऊबीज नाय, काय नाय. माजं माहेर गेलं, हिस्सा ऱ्हायला. तुजं दोनी गेलं." विळा कुडात खोचला आणि चहा टाकला.

तिच्यावरही राग आला. बरोबर बोलते म्हणून.

१७ ऑक्टो.

रू.चा फोन. आधी ख्यालीखुशाली. मग: शनि.-रवि. शिकवणी बंद ठेवाल का. ओटी फोटोत आहे, पोरांच्या चपला बऱ्या दिसत नाहीत. आणि चूल नको, गॅस पाठवते.

मी म्हटलं, चूल बंद केली तर वासे जातील. तर म्हणाली, "ताई, इतकी वर्षं राहिलात, आम्ही कधी काही बोललो? खाल्ल्या घरचे वासे मोजू नये माणसाने."

मी म्हटलं, "मोजलेले आहेत गं. मीच बदलून घेतलेत."

फोन ठेवल्यावर स्वतःवरच खूश झाले, अंगणात दोन चकरा मारल्या. मग रडले. या गोड बोलणाऱ्या पोरीच्या दोन्ही बाळंतपणांत मी कल्याणला जाऊन राहिले होते.

या शनि.ला बुकिंग नाही, दिवाळी जवळ आहे म्हणून. शिकवणी घेणार. चपला मुद्दाम ओळीने अंगणात.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन

पणत्या लावल्या. सु. परवा येतो म्हणाला, भाऊबीजेला. कसा येणार, काय बोलणार, काही कळत नाही. आपणच ताणून धरलंय का, असंही आज वाटलं. करंज्या केल्या, त्याला ओल्या नारळाच्या आवडतात म्हणून त्याच. मूर्ख बाई.

२३ ऑक्टो., भाऊबीज

आला. एकटाच. नवा शर्ट.

भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो. म्हणजे आज हे घर माझं धरायचं. त्याला पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. मनात म्हटलं, एकदा 'चुकलं ताय' म्हण, बाकी मी गिळून टाकीन. एकदाच.

त्याने खिशात हात घातला आणि तबकात चावी टाकली. निरांजनाशेजारी.

"शहापूरला ब्लॉक बघितलाय तुज्यासाठी. वन-रूम-किचन. स्टँडच्या जवळ. भाडं मी भरनार, तू फिकीर करू नको. लाईट-पाणी चोवीस तास. धूर नाय, सारवण नाय, काय नाय. आता किती दिवस राबशील ताय?"

तो रडत होता, खरोखर. ढोंग नव्हतं ते, मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय, मला ओळखता येतं. आपण बहिणीचं भलं करतोय असंच त्याला वाटत होतं. तेच मला सहन होईना. लबाडी केली असती तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

मी विचारलं, "मी गेल्यावर चूल कोण पेटवणार?"

"वासे लोखंडी टाकू. रूपाच्या मामेभावाने कोटेशन आणलंय."

तबक तसंच हातात. जड वाटायला लागलं म्हणून खाली ठेवलं. करंज्या खाल्ल्या त्याने, चार खाल्ल्या, डब्यातही मागून घेतल्या. जाताना पाया पडला. मी पाठीवर हात ठेवला. तोही आपोआपच गेला, ठेवायचा नव्हता.

२५ ऑक्टो., शनि.

घरात पाहुणे आहेत म्हणून शहापूरला गेले. एरवी गेले नसते.

दुसरा मजला. सु.ची चावी नेलीच नव्हती, खाली राहणाऱ्या घरमालकाने दार उघडून दिलं. खोली स्वच्छ आहे, खोटं कशाला बोलू. खिडकीतून समोरच्या ब्लॉकची खिडकी, तिच्यात एका म्हातारीचे कपडे वाळत घातलेले. नळ सोडून बघितला, पाणी होतं. शेजारीण दारात आली. "नवीन ऱ्हायला येनार काय? एकट्याच?" मी म्हटलं, बघायला आलेय. तिने आत बोलावलं, चहा दिला. तीही कुठल्याशा गावातून आलीय, मुलाने आणून ठेवलंय. "इथं बरं हाय," म्हणाली, "कोणाला कोणाची कटकट नाय." आणि माझा हात धरून ठेवला, सोडेचना. "या हां. नक्की या."

'फ्लॅट', 'ब्लॉक', 'रूम', 'अपार्टमेंट'. एसटीत बसून सगळे आठवून बघितले. या जागेला कुठलाही चालेल, मला काही फरक पडत नाही. शिकवणीची पोरं शहापूरला येणार नाहीत, हे मात्र फरक पडण्यासारखं आहे. महिन्याचं माझं जे काही चालतं ते त्यांच्यावर. म्हणजे भाडं सु.चं, पोटही सु.चं.

हिराकाकीकडेच उतरले. आमच्या ओटीवर कुणी मोठ्याने गाणी लावली होती.

२७ ऑक्टो.

पाहुण्यांनी चूल धुऊन ठेवलीय. चांगुलपणाने. भांडी घासायच्या पावडरने घासून, पाणी ओतून. माती फुगून एक बाजू ढासळली. दिवसभर चिखल मळून नीट केली. वाळायला दोन-तीन दिवस जातील.

पोरांनी विचारलं, बाई, तुम्ही शहापूरला चाललात? गावात पसरलंय. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, सुनीलदादांनी सरपंचांना. म्हणजे मी हो म्हणायच्या आधी गावाला माहीत आहे. दसऱ्याला सोनं द्यायला यायला वेळ नव्हता, सरपंचांकडे जायला आहे.

चावी अजून तबकातच. हात लावलेला नाही.

३० ऑक्टो., गुरु.

दुपारी सु.चा मेसेज. काही झालंच नाही अशा थाटात. "ताय परवाचे गेस्ट विचारतायत, मस्त इंग्लिशमदी रिप्लाय बनवून दे ना लवकर."

खाली पाहुण्यांचा मजकूर. म्हातारे आईवडील बरोबर आहेत, मागे एका ठिकाणी फसवणूक झाली म्हणून आधी विचारतोय. गैरसमज नसावा. एवढंच सांगा: या घरात कोणी राहतं का?

शिकवणी होती, ती घेतली. भाकऱ्या हिराकाकीच्या चुलीवर केल्या. मग बसले.

आधी 'नाही' लिहिलं. छान लिहिलं, तो म्हणतो तसं मस्त, सगळं घर तुमचंच वगैरे. वाचलं आणि पुसलं.

मग लिहिलं: हो. इथे एक बाई राहते. हे तिचं होम आहे. ते भाड्याने देताना तिला कोणी विचारलेलं नाही.

इंग्रजीत चारच ओळी. एकही चूक नाही.

हे वाचलं तर पाहुणे येणार नाहीत. तक्रारही करतील, व्हिला बंद होईल. सु. पुन्हा या अंगणात पाय ठेवणार नाही, आणि घर कागदावर त्याचं आहे, तो मला उद्या बाहेर काढू शकतो. हिराकाकीसारखं होईल माझं, वर हिस्साही नाही. सगळं माहीत आहे मला. पाठवलेलं नाही अजून.

त्याचे दोन फोन येऊन गेले. घाई आहे त्याला. माझा रिप्लाय आला की तो तसाच्या तसा पुढे पाठवून देईल. वाचणार नाही. इंग्रजी दिसलं की लहानपणापासून त्याला घाम फुटतो, शाळेतही माझीच वही उतरवायचा. मी लिहिलेल्यातला एक शब्दही त्याने आजवर तपासलेला नाही. इतका विश्वास आहे त्याचा माझ्यावर.